आमचे वकीलसाहेब नगराध्यक्षपदाला उभे राहिले आणि पडले

ओवी | २४ डिसेंबर २०२५, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती आणि भटकंतीच्या धाग्यांवर असते. आज जरा मोठं लिहिते आहे, सांभाळून घ्या.

मी एका वकिलांकडे सहा वर्षं ज्युनिअर आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पश्चिम महाराष्ट्रातली 'ब' वर्गाची नगरपरिषद एवढं पुरे. सर अठ्ठावीस वर्षं वकिली करतात, पण त्यांच्याकडे खुनाची केस येत नाही की शंभर एकराचा दावा येत नाही. येतात ते किराणावाले, बेकरीवाले, पिठाची गिरणीवाले, फॅब्रिकेशनचं छोटं शेड टाकलेले. कुणाचा चेक परत आलाय, चेक न वटल्याबद्दलच्या १३८ कलमाची नोटीस पाठवायची आहे. कुणाचे पैसे मोठ्या कारखान्याने आठ महिने थकवलेत, आणि लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्यावं लागतं असा कायदा २००६ पासून आहे हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नाही. कुणाला घरपट्टीच्या दर चार वर्षांनी होणाऱ्या आकारणीवर हरकत लिहून हवी आहे. फी कधी रोख, कधी उधार, आणि कधी दिवाळीला फरसाणाचा डबा.

सर उभे का राहिले, तर आमच्या पालिकेत चार वर्षं निवडणूकच झाली नाही. आधीच्या मंडळाची मुदत २०२१ अखेर संपली, मग ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात, आणि तोवर प्रशासक. त्या काळात भाजी मंडईच्या गाळ्यांचं भाडं वाढलं, नोटिसा आल्या. हातगाड्या दोनदा उचलल्या. पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा सांगतो की आधी सर्वेक्षण करा, ते होईपर्यंत कुणाला हटवू नका. सरांनी ते कलम अर्जात लिहून दिलं, पोच घेतली, पुढे काही नाही. गाऱ्हाणं घेऊन जायला वॉर्डात नगरसेवकच नव्हता. सगळे आमच्या ऑफिसात यायचे आणि म्हणायचे, "साहेब, आता तुम्हीच उभे राहा."

६ ऑक्टोबरच्या आरक्षण सोडतीत आमचं पद सर्वसाधारण निघालं. सरांनी आठवडाभर कुणाशी फार बोलणं केलं नाही. मग एके दिवशी कोर्टातून येताना गाडीत म्हणाले, "ओवी, मतदार यादी काढ."

पहिला धक्का अर्ज भरतानाच बसला. अपक्षाला पाच सूचक लागतात, म्हणजे अर्जावर सही करून नाव सुचवणारे. सरांनी अकरा नावं काढली होती, सगळे जुने पक्षकार. फोन मी केले. मंडईतल्या एका गाळेधारकाचं वाक्य अजून कानात आहे. "ताई, मत साहेबांनाच. घरातली पाचही मतं. पण सही नको. माझा गाळा पालिकेचा आहे." सातवा की आठवा फोन झाल्यावर मी यादी उलटी करून ठेवली. शेवटी पाच सह्या झाल्या. त्यात दोन निवृत्त शिक्षक, एक सरांचा शाळेतला मित्र आणि दोघेच दुकानदार.

दुसरा धक्का पत्रकाचा. निवडणुकीच्या पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव आणि प्रतींची संख्या घालावीच लागते. आमच्या गल्लीतला प्रेसवाला सरांचा दहा वर्षांचा पक्षकार. मजकूर वाचला, कागद दोनदा चोळून पाहिला, आणि म्हणाला, "छापतो फुकट, पण खाली माझं नाव येणार ना?" पालिकेच्या पावती पुस्तकांचं काम त्याच्याकडे आहे. सर म्हणाले, "नाव न घालता छापणं गुन्हा आहे, तुला त्यात पाडणार नाही." पत्रकं शेजारच्या तालुक्यातून छापून आणली.

चिन्ह २६ नोव्हेंबरला मिळालं, कपबशी. मतदान २ डिसेंबरला. पक्षाची चिन्हं लोकांना पाळण्यात असल्यापासून पाठ आहेत, आणि आम्हाला कपबशी घरोघरी पोचवायला सहा दिवस. मी, सरांच्या सूनबाई आणि ऑफिसचा मुलगा, तिघं सकाळी सहाला निघायचो.

गेल्या रविवारी मोजणी झाली. मी पॅड घेऊन सरांच्या मागे उभी होते. मंडईचा भाग आला. त्या एका बूथमध्ये आमचे पक्षकार मोजले तरी शंभरावर घरं. कपबशीला ६३. मी तो आकडा लिहिलाच नाही, पेन थांबलं. सर मागे न बघता म्हणाले, "लिही. पुढचा आकडा येतोय."

एकूण १,३१२. पाचांत तिसरे. डिपॉझिट गेलं.

सोमवारी सकाळी ऑफिस उघडलं तेव्हा बाहेर नेहमीसारखी चार माणसं बसली होती. त्यातला एक तो गाळेवाला. मला त्याच्याकडे बघवलं नाही. राग होता की वाईट वाटलं होतं, अजून कळत नाही. ज्या माणसाकडे अख्खा बाजार अडचणीत धावतो, त्याला तोच बाजार मत का देत नाही? मला खरंच समजून घ्यायचं आहे.

---

शाईपेन | २४ डिसेंबर, रात्री ११.०२

"लिही. पुढचा आकडा येतोय." इथे दोन मिनिटं थांबले. तुमच्या सरांना नमस्कार सांगा.

---

अण्णा_किराणा | २५ डिसेंबर, सकाळी ७.१५

ओवीताई, मी दुसऱ्या जिल्ह्यातला, पण गाळा पालिकेचाच, वडिलांच्या काळापासून. त्या गाळेवाल्यावर रागावू नका, एवढं सांगायला लिहितोय.

आमचं पालिकेशी रोजचं नातं असतं. गाळ्याचा करार संपला की नूतनीकरण. दुकानासमोर ताडपत्री दोन फूट पुढे आली की अतिक्रमण. गटार तुंबलं की तोच मुकादम. वकीलसाहेबांकडे आम्ही तीन वर्षांतून एकदा जातो, मुकादम रोज दारात येतो. जो उमेदवार निवडून येण्याची शक्यता दिसते त्याच्या माणसाला आम्ही नाराज करू शकत नाही. ही लाचारी म्हणा, पण दुकान बंद राहिलं तर घर चालत नाही.

आणि एक लक्षात घ्या. वकिलाकडे माणूस एकटा जातो, तेही लपतछपत. चेक परत गेला हे बाजाराला कळू नये म्हणून मी स्वतः संध्याकाळी अंधार पडल्यावर वकिलाकडे गेलो आहे. तुमच्या सरांनी अठ्ठावीस वर्षांत शेकडो लोकांचं भलं केलं असेल, पण त्या शेकडोंना एकमेकांची माहितीच नाही. प्रत्येकाला वाटतं, साहेबांचा उपकार माझ्या एकट्यावर आहे. पक्षाचा कार्यकर्ता मयताला जातो, बारशाला जातो, ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत असतं.

---

पारावरचा | २५ डिसेंबर, सकाळी ९.३०

अण्णांनी मुळावर बोट ठेवलं. मी राजकारणात नाही, पण आमच्याकडची प्रत्येक पालिका निवडणूक जवळून पाहिलेली आहे, म्हणून थोडं.

थेट नगराध्यक्ष हा प्रकार आपल्याकडे येऊन-जाऊन असतो. २००१ ला लोकांतून निवड झाली, २००६ ला पुन्हा नगरसेवकांतून. २०१६ ला परत थेट, २०२० ला रद्द, २०२२ ला परत थेट. दर वेळी सांगितलं जातं की आता चांगला, स्वतंत्र माणूस थेट लोकांतून येईल. काही ठिकाणी आलाही. पण यंत्राची रचना बघा. नगरपरिषदेत एका मतदाराला साधारण तीन मतं, दोन प्रभागातल्या नगरसेवकांना आणि एक नगराध्यक्षाला. लोकांना घरातून बाहेर काढतो तो प्रभागातला उमेदवार. रिक्षा त्याची, चिठ्ठ्यांचं टेबल त्याचं, म्हातारीला हात धरून खोलीपर्यंत नेणारा पोरगा त्याचा. तो वाटेत सांगतो, "आजी, तिन्ही वेळा आपलंच बटण." तुमच्या सरांचं पॅनेल, म्हणजे प्रभागांत सोबत उभे केलेले उमेदवार, होतं का? नसेल तर अख्ख्या गावात त्यांच्यासाठी एकही टेबल नव्हतं.

१,३१२ माणसांनी दोन मतं पक्षाला देऊन तिसऱ्या वेळी हात कपबशीकडे नेला. टेबल नसताना हे झालं. मला तो आकडा लहान वाटत नाही.

---

ओवी | २५ डिसेंबर, दुपारी १.२०

पारावरचा दादा, पॅनेल नव्हतं. दोन प्रभागांत तरुण मुलं तयार होती, सर नको म्हणाले. "त्यांच्या धंद्याची सुरुवात आहे, माझ्यापायी अडकतील." मला तेव्हा हे मोठेपण वाटलं होतं. तुमचं वाचून वाटतंय की तिथेच चुकलं.

टेबलांचं अगदी खरं. केंद्रापासून ठरलेल्या अंतराबाहेर तीन टेबलं, तिन्ही पक्षांची. लोक चिठ्ठी घ्यायला तिथेच जाणार. चिठ्ठी घेताना टेबलावरचा माणूस नाव विचारतो, यादीवर खूण करतो, "काका, लक्ष असू द्या" म्हणतो. आमची चिठ्ठी आम्ही आदल्या आठवड्यात घरी दिली होती, ती बहुतेकांच्या घरी फ्रिजवरच राहिली.

अण्णा, तुमचं वाचून गाळेवाल्या काकांना आज चहा दिला. काही बोललो नाही. ते गाळ्याच्या नोटिशीचंच काम घेऊन आले होते.

---

जुनी_पेठ | २५ डिसेंबर, दुपारी ३.४५

मी थोडं वेगळं मांडतो, राग नसावा.

लोक फक्त भीतीने मत देत नाहीत, हिशेबानेही देतात. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात, म्हणजे गावात येणाऱ्या मालावरचा कर, गेली. तोपर्यंत नाक्यावरचा पैसा रोज तिजोरीत यायचा, पालिकेला स्वतःचा कणा होता. आता घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं एवढीच स्वतःची आवक. तीत पगार आणि वीजबिलं भागली तरी नशीब. रस्ता, पाण्याची टाकी, भुयारी गटार हे सगळं शासनाच्या योजनेतून. म्हणजे निधी मुंबईहून यायचा. मग मतदार विचारतो, वकीलसाहेब प्रामाणिक आहेत हे मान्य, पण मंत्रालयात त्यांचा फोन कोण उचलणार?

हा प्रश्न अडाणी माणसाचा नाही. आमच्या पेठेत पाच दिवसांआड पाणी येतं. माझ्या आईने याच हिशेबाने मत दिलं आणि मी तिच्याशी वाद घालू शकलो नाही.

---

गणित_मास्तर | २५ डिसेंबर, सायंकाळी ६.१०

यात आणखी एक भर. "मत फुकट जाईल" ही भीती. सरांना द्यावंसं वाटणारे कितीतरी लोक शेवटच्या रात्री ठरवतात की हे काही येत नाहीत, मग नावडत्या दोघांतला कमी नावडता निवडू. सगळ्यांनीच तसं ठरवलं की ते खरोखरच येत नाहीत.

---

सातासमुद्रापार | २५ डिसेंबर, रात्री ९.५५

मास्तर, यावर इथला अनुभव सांगते. मी कॅलिफोर्नियात ओकलंडजवळ राहते. ओकलंडमध्ये महापौर थेट निवडतात, आणि मतपत्रिकेवर उमेदवारांना पहिली, दुसरी अशी क्रमाने पसंती द्यायची असते. पहिल्या पसंतीत कुणालाच निम्म्याहून जास्त मिळाली नाहीत तर तळाचा उमेदवार बाद, आणि त्याची मतं त्या मतदारांच्या पुढच्या पसंतीला जातात. असं करत करत वर. २०१० ला ही पद्धत तिथे महापौरपदासाठी प्रथम वापरली. पहिल्या पसंतीत डॉन पेराटा पुढे होते, राज्याच्या सिनेटचे माजी अध्यक्ष, मोठं नाव. पण फेऱ्या संपल्या तेव्हा जीन क्वान जिंकल्या. बाकीच्यांच्या मतदारांनी दुसरी-तिसरी पसंती त्यांना दिली होती.

म्हणजे तुमच्या सरांना पहिली पसंती देऊन, "ते नाहीच आले तर हा" असंही सांगता येतं. मत वाया जात नाही. आपल्याकडे विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघात पसंतीक्रम असतोच की, पालिकेला का नसावा असं मला नेहमी वाटतं.

---

नवा_भाडेकरू | २६ डिसेंबर, सकाळी १०.०५

एक शंका. जानेवारीत आमच्याकडे महापालिकेचं मतदान आहे. तिथे अशा वकिलाला महापौरपदासाठी उभं राहता येईल का?

---

पारावरचा | २६ डिसेंबर, सकाळी १०.४०

नाही. महापालिकेत महापौर नगरसेवकांतून निवडतात, अडीच वर्षांसाठी, आणि आरक्षणाची सोडत वेगळी. तुम्ही १५ जानेवारीला मत द्याल ते फक्त तुमच्या प्रभागातल्या नगरसेवकांना. थेट निवड नगरपरिषदा आणि नगरपंचायतींत.

---

करडी_नजर | २६ डिसेंबर, दुपारी १२.३०

सगळेच सरांच्या बाजूने बोलताहेत, म्हणून विचारतो. ज्यांचे पालिकेविरुद्ध दावे चालू आहेत असा वकील पालिकेचाच प्रमुख झाला असता तर? गाळ्यांची भाडेवाढ चूक म्हणून भांडणारा माणूस खुर्चीत बसल्यावर पालिकेचं उत्पन्न सांभाळणार की पक्षकार? आमच्यासारखा घरपट्टी भरणारा, ज्याचं दुकान नाही, गाळा नाही, त्याने त्यांना मत का द्यावं?

---

ओवी | २६ डिसेंबर, दुपारी ४.१५

करडी_नजर, हा प्रश्न प्रचारातही आला होता, आणि आमचं सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच केलं असं मला वाटतं. विरोधकांनी एकच वाक्य धरलं, "पालिकेवर केस करणारा माणूस पालिका चालवणार?" चौकाचौकात.

सरांनी अर्ज भरण्याच्या आधीच पालिकेविरुद्धची सगळी वकीलपत्रं सोडली होती, कोर्टाची परवानगी घेऊन, पक्षकारांना लेखी कळवून, फाइली आणि ना हरकत देऊन. त्यात अकरा प्रकरणं होती. ऑफिसचं उत्पन्न त्या महिन्यात किती उतरलं ते मला माहीत आहे, कारण माझा पगार सरांनी तरीही एक तारखेलाच दिला. पण हे आम्ही लोकांपर्यंत पोचवलं नाही. सर म्हणाले, "ते माझं कर्तव्य आहे, त्याची जाहिरात कसली." वकिलाने जाहिरात करायची नाही हा बार कौन्सिलचा नियम, आणि सरांच्या तो अंगात इतका मुरला आहे की अठ्ठावीस वर्षांत त्यांचा वाढदिवसाचा फ्लेक्ससुद्धा चौकात लागला नाही. समोरच्यांचे चेहरे गाव वर्षभर बघत होतं.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मात्र मला लागला. ज्याचं दुकान नाही त्याच्यासाठी आमच्या पत्रकात काय होतं? मी आत्ता पुन्हा काढून वाचलं. नऊ मुद्द्यांपैकी सहा बाजाराचे. सफाई, पाणी आणि शाळा मिळून तीन ओळी. नव्या वसाहतींत, जिथे नोकरदार राहतात, तिथे आम्हाला दहा-बारा मतं पडली आहेत. गावातले निम्मे मतदार तिकडे आहेत. आम्ही पक्षकारांसाठी पत्रक लिहिलं, आणि पक्षकार उघड येऊ शकत नव्हते. हे आधी कुणी आम्हाला असं तोंडावर विचारायला हवं होतं.

---

करडी_नजर | २६ डिसेंबर, सायंकाळी ५.००

वकीलपत्रं सोडल्याचं माहीत नव्हतं. हे कळलं असतं तर मी त्यांना मत दिलं असतं. मनापासून सांगतो.

---

शाईपेन | २६ डिसेंबर, रात्री ८.२०

ओवी, खर्च किती आला? कुतूहल म्हणून नाही, आमच्या गावातली एक शिक्षिका पुढच्या वेळी विचार करते आहे.

---

ओवी | २६ डिसेंबर, रात्री १०.३०

'ब' वर्गाला नगराध्यक्षपदाची मर्यादा ११ लाख २५ हजार होती. आमचा झाला १ लाख ९४ हजार. हिशेबाची वही माझ्याकडेच होती. सगळ्यात मोठा खर्च छपाई, मग रिक्षावरचा भोंगा, मग तिघांचं जेवण आणि पेट्रोल. त्या बाईंना सांगा, वही पहिल्या दिवसापासून रोजच्या रोज लिहा, प्रत्येक पावती चिकटवा. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो, हरलेल्यालाही. न दिल्यास पुढची निवडणूक लढवायला अपात्र ठरवू शकतात, आणि हरल्यावर वही उघडायची इच्छाच होत नाही. मी परवा ती उघडली तेव्हा २९ नोव्हेंबरच्या पानावर चहाचा डाग होता आणि खाली सरांच्या अक्षरात, "चहा ३ कप, ३० रुपये, ओवीने दिले, परत करणे."

आणि पाच सूचक आधी पक्के करा. तोंडी हो म्हणणारे नव्हे, सही करणारे.

---

अण्णा_किराणा | २७ डिसेंबर, सकाळी ६.५०

ताई, रात्री तुमचा धागा बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, तुम्ही दुसऱ्याच्या सूचकाचं बोलता, आपल्या गावात असे कुणी उभे राहिले तर तुम्ही सही करणार का? मला लगेच हो म्हणता आलं नाही. रात्रभर तेच डोक्यात होतं.

आता थोडं कामाचं. मला एका हॉटेलवाल्याने ४२ हजारांचा चेक दिला होता, तो परत आलाय, खात्यात पैसे नाहीत म्हणून. आमच्याकडे तुमच्या सरांसारखं कुणी नाही. काय करू?

---

ओवी | २७ डिसेंबर, सकाळी ९.१०

अण्णा, घाबरू नका. मूळ चेक आणि बँकेने दिलेला मेमो, दोन्ही जपून ठेवा, कुणाच्या हातात देऊ नका. मेमो तुमच्या हातात पडल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणीची नोटीस जायला हवी, स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. नोटीस मिळाल्यापासून त्याला १५ दिवस पैसे भरायला. नाही भरले तर त्यानंतर एक महिन्याच्या आत कोर्टात तक्रार.

सरांना विचारलं, म्हणाले नोटिशीचा मसुदा आपण करून देऊ, फी नको. मेमो कोणत्या तारखेला मिळाला ते आजच्या आज कळवा.